खडू शिकाऊला लागतो

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. आमच्या गल्लीतल्या टेलरला मी रोज बघायचो. टाचण्या तोंडात धरून बोलणार, माप कधी लिहून घेणार नाही. मोठा कलाकार!

नातीच्या कॉलेजात संध्याकाळी फॅशन स्पर्धा, आणि कपड्याची आठवण तिला त्या दिवशी सकाळी झाली. जाकीट शिवायला मी माझ्या हातानं विणलेली चादर दिली. टेलरला बजावलं, "चादर दोन्हीकडनं सारखीच दिसती, रंग तेवढा उलटा. सुलट्या बाजूला खडूनं खूण कर."

"खडू शिकाऊला लागतो, मामा."

चारला जाकीट आलं. डावीकडं पांढऱ्यावर लाल मोर, उजवीकडं लालवर पांढरा. नात रडायला लागली. उसवायला वेळ नव्हता. हा गडी टाचण्या काढून म्हणतो, "रडतीस कशाला? फॅशन हाय म्हणायचं की!"

पोरगी तसंच घालून गेली आणि पहिला नंबर घेऊन आली. लगेच हा गल्लीभर सांगत सुटला, मुद्दाम तसं शिवलं म्हणून. चाळीस वर्षं हातमागावर काढलेल्या मला पण तेच सांगितलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडूची डबी विकत आणली आणि त्याच्या मशीनवर ठेवून आलो.