पप्पांचा गुरुवार

आमच्या पिंपरी-चिंचवड भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळे चाकणच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या पप्पांना चर्चची रविवारची उपासना क्वचितच मिळाली. यावर त्यांनी स्वतःच तोड काढली: गुरुवार हाच आपला प्रभुवार, प्रभूचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बायबल घेऊन बसायचे. बाजार नाही, टीव्ही नाही, कपडे धुणं नाही. स्वयंपाकसुद्धा बुधवारीच उरकायचा. शिळी भाजी चिवडत मी धुसफुसायचे, पण त्यांच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळीच ऑपरेशन. उद्या गुरुवार होता.

"शुक्रवारी करा," पप्पा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, उपास असेल. मला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं, एका दिवसाचाही भरवसा नाही. भीती वाटली की मला रागच येतो.

"पप्पा, ही काय हट्टाची वेळ आहे?"

"रविवार तर सगळे बुडाले," ते म्हणाले. "आता प्रभूच्या दिवशी माझ्यासाठी एवढी माणसं राबवायची? आणि ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो, तर त्याला काय तोंड दाखवू?"

तो हट्ट नव्हता. ते घाबरले होते, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

शेवटी आईने ताथवड्याहून आमच्या चर्चच्या पाळकांना बोलावलं. त्यांनी पप्पांचा हात धरला.

"भाऊ, दिवस पाळून माणूस नीतिमान ठरत असता, तर ख्रिस्ताला मरायची गरजच नव्हती. त्याच्यावर विश्वास आहे ना तुमचा? मग तोंड दाखवायला तेवढं पुरे."

पप्पांनी विचारलं, "मग इतके गुरुवार फुकटच गेले म्हणायचे?"

"फुकट कसे?" आई म्हणाली. "तेवढाच एक दिवस तुम्ही आमच्या वाट्याला यायचात."

पप्पांनी होकारार्थी मान हलवली. सकाळी त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं.

बाहेर मला बसवेना. दार उघडलं की मी तिकडे धाव घ्यायचे. मी डोळे मिटून पुटपुटू लागले: देवा, पप्पांना परत दे, मी दर रविवारी चर्चला जाईन, उपास करीन, पुन्हा कधी चिडणार नाही.

"नवस बोलतेस काय गं?" आईने विचारलं. "काही देऊ नकोस त्याला. नुसतं माग."

मी प्रयत्न केला. द्यायला काहीच नाही म्हटल्यावर तोंडातून शब्द फुटेना. इतकं उघडं पडल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. मग आईचा पदर घट्ट धरून मी एवढंच म्हणाले, "मला माझे पप्पा हवेत."