जोडीतला माझा बैल

माझा धाकटा भाऊ हुरड्याची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. वालूरहून परभणीला तो कामासाठी नेहमी यायचा, पण बहिणीच्या घराचा जिना त्याला कधी सापडत नव्हता. त्या दिवशी मात्र मित्राच्या शेतातला हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी आणि तोंडात सारखं "अक्का, अक्का". चहा निम्मा झाला न झाला, तोच त्यानं माझ्या कपाटावर नजर टाकली.

"अक्का, तो बैल नुसताच पडून हाय का?"

बैल म्हणजे पितळेचा, वीतभर उंच, पायाखाली चार चाकं. दोरी बांधून ओढायचा. आमच्या घरी त्याची जोडी होती. वडील वालूरला मास्तर होते, शेत गुंठाभर नव्हतं. वर्षभर आम्ही दोघं भावंडं ते बैल गल्लीभर फरफटत न्यायचो. पोळा आला की मात्र तेच बैल देव व्हायचे. आदल्या संध्याकाळी वडील त्यांची खांदेमळणी करायचे. औत ओढून बैलाचे खांदे दुखतात म्हणून तूप-हळद लावून ते चोळायची ही रीत. आमच्या बैलांनी जन्मात औत पाहिलं नव्हतं, पण वडील चोळायचे अगदी मन लावून. शेजारचे शेतकरी दारातून हसायचे. वडील म्हणायचे, हसा.

वडिलांनी हयातीतच सांगून ठेवलं होतं, एक बैल पोराला, एक पोरीला. सगळ्या भावकीनं वेड्यात काढलं. बैलांची जोडी कुणी फोडतं का? आणि पोरीला बैल? वडील म्हणाले, "लेकरं दोन हायत, बैल दोन हायत. विषय संपला." पुढं वडिलांचं घर भावाच्या नावावर करायच्या वेळी मी सेलूच्या तहसिलात जाऊन हक्कसोडीवर सही केली. बहीण असावी तर अशी, असं सगळे म्हणाले. करतातच सगळ्या बहिणी. माहेरचं म्हणून माझ्याकडं उरला तो हा बैल.

"मी भांडेवाल्याला विचारलंय," भाऊ म्हणाला. "मोडीत सातशे येतील. मीच देतो तुला, आत्ता. तुला तरी काय करायचाय? पोळा काय बायामाणसांचा सण हाय का?"

पैशाचं एक वेळ मी ऐकून घेतलं असतं. पण हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. मी पोळ्याला दरवर्षी त्या बैलाची पूजा करते, खांदेमळणी करते, पुरणाचा नैवेद्य दाखवते. कुणाची परवानगी काढत न्हाई. त्याला म्हटलं, विचार करून सांगते. आणि हुरडा मात्र ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बैल पिशवीत घालून भांडेगल्ली गाठली. भांडेवाल्यानं तो काट्यावर टाकला. सातशेला थोडे कमी. म्हणजे भाऊ खोटं बोलला नव्हता. मग सातशेच्या मोडीसाठी हा बाबा हुरडा घेऊन जिना कशाला चढला? फोनवर शोधलं, तर तसल्या बैलांचे लोकांनी लाख-लाख मागितलेले. पण मी कचेरीत जन्म काढलाय. मागणारा काहीही मागतो, कुणी किती दिले ते विचारावं. म्हणून सरळ हैदराबादची गाडी धरली. जुन्या वस्तूंची खरी पारख तिथं होते, असं ऐकून होते.

निघायच्या आधी बैल चिंच लावून लख्ख घासला. परक्याच्या दारात कळकट वस्तू न्यायची का? चारमिनारच्या मागं एका गल्लीतल्या दुकानदारानं तो हातात घेतला आणि कपाळावर हात मारला.

"अम्मा, ये क्या कर दिये आप! पूरा पुराना रंग धो डाले!"

म्हणे तो काळपट रंग हीच म्हाताऱ्या पितळेची ओळख, त्याचाच भाव असतो. "आमच्याकडं देवाला मळकट ठेवत न्हाईत," मी सुनावलं. "तुमची गिऱ्हाइकं ठेवत असतील." तो हसला. मग बोटानं खांदे चाचपत राहिला. खांद्यावरची सगळी नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. मी खांदेमळणीचं सांगितलं. तो म्हणाला, नकली माल करणारे चिंचेनं उजळवतील, आम्लानं काळा करतील, पण खांदे असे कोण झिजवत बसणार? बैल खरा. मग त्यानं विचारलं, "इसका जोड़ीदार किधर हय?"

एकट्या बैलाचा भाव त्यानं सांगितला, तो मोडीच्या कितीतरी वर होता. जोडीचा सांगितला, तेव्हा मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. एकाच दुकानदाराच्या शब्दावर जायला मी काय नवी नवरी हाय? दुसऱ्या दुकानात गेले. तिथंही जवळपास तेच.

परतीच्या गाडीत मला एकच गोष्ट खात होती. भावाला हे ठाऊक होतं का? नसेल, तर तो बिचारा भोळा आणि मी संशयी. असेल, तर मग लय वाईट. विचारून तो खरं सांगणार नव्हता.

म्हणून मी वालूरला गेले. भाऊ आणि भावजय दोघंही घरी होते. मी सातशे रुपये चटईवर ठेवले.

"हा तू लावलेला भाव. आता तुझा बैल आण."

"चेष्टा करायलीस का, अक्का?"

"चेष्टा कशाची? मला जोडी करायचीय. माझा सातशेचा, तर तुझा काय सोन्याचा हाय?"

तोंडानं मी असं बोलत होते आणि मनात म्हणत होते, ऊठ रे बाबा, आण. त्यानं बैल आणून नुसता समोर ठेवला असता, तर मी तिथंच सगळं सांगून टाकलं असतं, अर्धं-अर्धं करू म्हटलं असतं. तो उठला न्हाई.

भावजय म्हणाली, "द्या की वो वन्संला. न्हाईतरी माळ्यावरच पडलाय."

तसा तो तिच्यावर खेकसला, "तुला काय कळतंय? जोडीला किती येतेत, ठाऊक हाय का?"

बोलला आणि तोंड उघडंच राहिलं त्याचं.

"मला ठाऊक हाय," मी म्हणाले. "मी हैदराबादला जाऊन विचारून आले. तू कुठं विचारलंस?"

"घरातलंच हाय ना, अक्का. तुला दिलेच असते की नंतर."

मला रडू आलं. रागाचं होतं, मी पुसलं न्हाई. "अरे, खरं सांगून मागितला असतास, तर फुकट दिला असता मी!"

तर हा शहाणा काय म्हणतो? "मग दे की आता."

"आता न्हाई. विकायचा तर दोघांनी मिळून जायचं आणि पैसे मी मोजायचे. न्हाईतर माझा बैल माझ्या घरी."

नोटा उचलल्या आणि चहा न घेता निघाले. परभणीच्या बसमध्ये बसले, तोच भावजयीचा फोन आला. ती हळू बोलत होती.

"वन्सं, जोडीला किती येतेत वो?"

मी आकडा सांगितला. तिनं तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"मलाबी ह्यांनी सातशेच सांगितले होते," ती म्हणाली. "तुमी तुमचा देऊ नका. आमचा मी माळ्यावरून काढून माझ्या पेटीत ठेवलाय. कुलूप लावून."