नानांचं ग्लायडर आणि माझं भाषण

हा किस्सा माझी बायको मंजिरी सांगते तेव्हा त्यात मीठमसाला फार असतो. म्हणून म्हटलं, आज मीच सांगतो. अब्रू जायचीच आहे, तर निदान स्वतःच्या हातानं जाऊ दे. चहा मात्र आधी पिऊन घ्या, मध्येच ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बाहेरचा माल नुकता मोकळेपणानं मिळायला लागला होता, आणि मला रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरचं वेड लागलं होतं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांब रबरी दोरीनं गलोलीसारखं वर सोडायचं आणि मग वर चढणारी गरम हवा शोधून तिच्यात तरंगत ठेवायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

मंजिरीचे वडील, नाना, बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. सासूबाई गेल्या आणि नाना बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात नुसते बसून राहायला लागले. पेपर उघडत, पण पान उलटत नसत. आम्ही त्यांना मांजलपूरला आमच्याकडे आणलं, तरी तेच. एकदा मी पंखासाठी बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापत बसलो होतो. नाना मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

"द्या इकडे. भेंडी चिरताय का?"

त्या दिवसापासून ग्लायडर त्यांचं झालं. मी फक्त गोंद आणून देत होतो.

पण कुठल्या पद्धतीचं करायचं, यावर आमचं वाजलं. माझ्याकडे परदेशी मासिकांचा गठ्ठा होता, त्यामुळे या ग्लायडरांचा सगळा इतिहास मला तोंडपाठ. आधी लोक डोंगरउतारावरच्या वाऱ्यावर उडवायचे. मग सपाट मैदानातल्या स्पर्धा आल्या. जास्तीत जास्त वेळ हवेत राहायचं आणि ठरलेल्या जागी उतरायचं. त्यासाठी पंख लांब झाले, पंखांची टोकं वर वळली. टोकं वर वळली की ग्लायडर डगमगलं तरी आपलं आपण सावरतं. पुढे फायबर आलं, कार्बन आलं, पंख पातळ आणि पोकळ झाले, वेग वाढला. आणि चालवणाऱ्याची नजर जरा हटली की खेळ खलास! मला अर्थातच हे नवं हवं होतं. नानांनी सगळी चित्रं शांतपणे न्याहाळली आणि वळलेल्या टोकांच्या जुन्या ग्लायडरवर बोट ठेवलं.

"हे बरं. हे चुका पोटात घालतं."

कोणाच्या चुका, ते त्यांनी सांगितलं नाही. आभाळात उठून दिसावं म्हणून पोटाकडून त्याला गडद तपकिरी रंग दिला. तोही नानांनीच.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावर पादरा गावाच्या रस्त्यावर एका मोकळ्या मैदानात आम्हा हौशी लोकांची स्पर्धा ठरली. प्रत्येकानं वेळ मोजायला आपला माणूस आणायचा होता. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, स्टॉपवॉच खिशात टाकून तयार. सासूबाई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हौसेनं कुठे निघाले होते. मंजिरीनं मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "अहो, हरलात तरी चालेल, पण नानांचं ग्लायडर मोडून आणू नका."

आमची पाळी आली. ग्लायडर काय सुरेख वर गेलं म्हणून सांगू! मैदानाच्या कडेला दोन-तीन घारी फिरत होत्या. घार जिथे, गरम हवा तिथे. मी ग्लायडर सरळ त्यांच्यात नेऊन घातलं. तेवढ्यात ऊन थेट डोळ्यांत आलं. क्षणभर डोळे मिटले, उघडले, तर तपकिरी पोट ऐटीत घिरट्या घालतंय. मी रिमोटची दांडी डावीकडे दिली, ते डावीकडे वळलं. लोण्यासारखं!

इतकं छान मी जन्मात उडवलं नव्हतं. हळूहळू माणसं भोवती जमली. आता चार माणसं जमली आणि मी गप्प बसलो, असं कधी झालंय का? मी वर बघत बघत डोंगरउतारापासून सुरुवात केली आणि कार्बनपर्यंत आलो. पंखांची टोकं कशी वर वळलीत बघा, असं म्हणून दाखवलंसुद्धा.

गर्दीतून एकानं विचारलं, "साहेब, पूंछडी वच्चेथी कापेली केम छे?"

मी निरखून पाहिलं. खरंच की, शेपूट मधून कापल्यासारखी दिसत होती. आमची तर सरळ होती! पण नानांनी आयत्या वेळी काही सुधारणा केली असेल, असं मी धरून चाललो आणि कापलेल्या शेपटीचे फायदे सांगितले.

नानांनी माझी बाही ओढली. "सुधीरराव..."

"नाना, आत्ता नको."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा ओढली. मी त्यांना पुन्हा गप्प केलं.

मग उतरवायची वेळ झाली. मी खाली येण्यासाठी दांडी दिली, तर ते आणखी वर गेलं. उजवीकडे दिली, ते डावीकडे. त्या काळी दुसऱ्या कोणाचा रिमोट तुमच्याच रेडिओ लहरीवर चालू झाला तर विमान हाताबाहेर जायचं. मी मागे पाहिलं. अमदावादचे एक दाताचे डॉक्टर मांडीवर रिमोट घेऊन बसले होते. मी त्यांच्यावर घसरलो. माझं विमान तुम्ही पळवताय, म्हणालो. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांची लहर वेगळी आहे. मी ऐकतोय कशाला? त्यांना बॅटरी काढायला लावली. तरी फरक पडेना. मग आयोजक जयेशभाईंच्या मागे लागून सगळ्यांचे रिमोट बंद करायला लावले. एकाचं ग्लायडर हवेत होतं, ते बिचाऱ्यानं घाईघाईनं उतरवलं. सगळं मैदान हात बांधून उभं, सगळ्यांची नजर माझ्या विमानावर.

आणि माझ्या विमानानं पंख फडफडवले.

एकदा. मग सावकाश आणखी दोनदा.

शेवटी जयेशभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मवाळ, दवाखान्यात वाईट बातमी सांगतात तसा.

"साहेब, आ तो समडी छे."

समडी म्हणजे घार, हे बडोद्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"मग आपलं कुठंय?" मी नानांना विचारलं.

"ते केव्हाच उतरलं. पलीकडे, तुरीत. मी घड्याळ तेव्हाच बंद केलं."

आम्ही तुरीच्या शेतात गेलो. मी इकडे घारीला वळवत होतो, तिकडे आमचं गरीब ग्लायडर तेच हुकूम पाळत, स्वतःला सावरत, गोल गोल फिरत खाली आलं होतं. झाडांच्या शेंड्यांवर कोणी अलगद ठेवल्यासारखं पडलं होतं. नानांनी पंखावरून बोटं फिरवली. कुठे चीर नव्हती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी पुढे झालो, तर नाना हसत होते. बांधावर बसले, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागले. इतक्या महिन्यांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता.

परत येऊन मी डॉक्टरांची माफी मागितली. त्यांनी थर्मासातला चहा माझ्यापुढे केला.

"में पण एक वार समडी उडाडेली," ते म्हणाले. "पण भाषण नहोतुं आप्युं." घार त्यांनीही उडवली होती, भाषण तेवढं दिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो. मंजिरीनं आधी ग्लायडर पाहिलं, मग नानांचा चेहरा पाहिला, आणि विचारलं, कोण जिंकलं?

नाना चपला काढत म्हणाले, "अमदावादचे डॉक्टर पहिले. आपलं ग्लायडर तिसरं."

"आणि हे?"

"सुधीरराव?" नाना म्हणाले. "त्यांनी भाग घेतला नव्हता."