कागदावरची भरती

माझा साडू होड्या दुरुस्त करतो. त्याच्यावर लिहायला मी काही योग्य माणूस नाही. नोकरीत मसुद्यांपलीकडे फारसं लिहिलं नाही. पण सरकारने त्याची शेड समुद्रात बुडवली ती मी जवळून पाहिली.

शेड म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि आत डांबराचा वास. फळ्या उन्हात तडकू नयेत म्हणून साडू रोज सकाळी भरतीने आणलेलं ओलं शेवाळ टोपलीने उचलतो आणि शेडच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, फळ्यांवर पसरतो. फळ्या झाकल्या जातात, दिसते नुसती शेवाळाची रांग. शेजारच्या हॉटेलात मात्र झाडूवाले सगळं शेवाळ उचलून नेतात. पाहुण्यांच्या पायांना लागू नये म्हणून.

अशात किनाऱ्याच्या रक्षणासाठी आराखडा आला. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे रेषा आखायची आणि रेषेपासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम नाही. कल्पना चांगली होती. मलाही बरं वाटलं. रेषा आखायला तीन साहेब आले ते ऐन ओहोटीला, पॉलिश केलेले बूट घालून. पाणी खरंच कुठवर येतं हे बघायला सहा तास थांबावं लागलं असतं. एवढा वेळ कोणाला आहे? त्यांनी शेवाळ शोधलं. शेवाळ दिसेल तिथवर भरती, असा त्यांचा हिशेब. साडूकडे ते शेडच्या मागे सापडलं. हॉटेलपुढे सापडलंच नाही, म्हणून तिथे रेषा थेट ओहोटीच्या पाण्यापर्यंत खाली नेली.

नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला. साडूने चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"म्हणजे तीस वर्षं मी पाण्याखाली बसून खिळे ठोकतोय?"

मेहुणी म्हणाली, "तरीच म्हटलं, माझं काही ऐकू कसं जात नाही!"

हरकतीचा अर्ज मी लिहिला. चार फाडले, पाचवा दिला. सुनावणीत मोठ्या साहेबांनी तो उघडलाही नाही. साडूच उभा राहिला.

"साहेब, पौर्णिमेच्या भरतीला या. हॉटेलच्या पायऱ्या भिजतात, माझ्या खांबांना पाणी शिवत नाही. ते शेवाळ मी टोपलीने नेलेलं आहे."

साहेब एकदम जागे झाले. "तुम्ही हलवलंत? लिहून घ्या हो, भरतीच्या खुणांशी छेडछाड."

"मग हॉटेलवाले रोज हलवतात ते?"

"ती स्वच्छता."

शेवाळाचा मुद्दा मांड, हे साडूला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

महिन्याभरात शेड पाडली. दुसऱ्याच सकाळी साडूने एक जुनी मोठी होडी ओढून आणली, ओंडक्यांवर पालथी घातली आणि तिच्याखाली हत्यारं मांडली. रेषा आखणारे तेच तीन साहेब आले.

"हे काय?"

"होडी. दुरुस्तीला आलीय."

आराखडा उलटून पालटून पाहिला. होडी ठेवायला बंदी नव्हती.

"किती दिवस लागतील?"

"मालक घाई करत नाही."

"मालक कोण?"

"मीच की!"

एकाने वहीत काहीतरी खरडलं आणि तिघेही चहाला हॉटेलात गेले.

होडीखाली ताठ उभं राहता येत नाही. साडू सत्तरीत गुडघे टेकून रंधा मारतो. हॉटेलने पाण्याच्या बाजूला आणखी एक गच्ची काढली आहे, रीतसर परवानगी घेऊन.