चालू गाडी बंद करणारा माणूस

अण्णांनी एकतीस वर्षं एका कचेरीची गाडी चालवली आणि एवढ्या वर्षांत डिझेलचा थेंब वाया घालवला नाही. साहेब जिना उतरेपर्यंत इंजिन बंद. सिग्नल लागला, बंद. फाटक पडलं, बंद. कचेरीतली पोरं मागून त्यांना ‘बंदोबस्त’ म्हणायची. इंधनबचतीचं प्रमाणपत्र त्यांनी बाहेरच्या खोलीत लग्नाच्या फोटोच्या वर टांगलं होतं. बायकोने एकदा ते खाली लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी परत वर!

निवृत्तीनंतर कचेरीने त्यांच्या हातातली शेवटची गाडी त्यांनाच देऊन टाकली. आता ती चौदा वर्षांची होती. घर ते बाजार, बाजार ते दवाखाना, दवाखाना ते घर. काटा चाळीसच्या वर नाही. रोज पुसायची, झाकायची. आणि तरीही समोर एक पिवळा दिवा लागला तो विझेना.

मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढलं.

“काका, या गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात काजळी साठते. गाडी लांब पळाली, चांगली तापली, की ती जळून जाते. तुम्ही किती पळवता?”

“तीन किलोमीटर. सावकाश.”

“मध्येच कधी पंखा जोरात फिरतो? जळका वास येतो?”

“येतो की! लगेच बंद करतो मी.”

मिस्त्रीने काळ्या हाताने कपाळ बडवलं. “अहो, ती बिचारी घसा साफ करत असते तेव्हा. आणि तुम्ही दर वेळी तोंड दाबता तिचं!”

“मी गाडी जपतो.”

“जपून जपून मारलीत काका.”

मग त्याने अण्णांना लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मोठ्या रस्त्याला लागायचं, चौथ्या गिअरात सत्तर-ऐंशीने पाऊण तास पळवायची. वास येवो, पंखा फिरो, थांबायचं नाही. “ही शेवटची संधी. आता हे जळणं मध्येच तुटलं तर फिल्टर नवीनच घालावा लागेल, आणि तो गाडीपेक्षा महाग.”

घरी अण्णांनी मिस्त्रीचं सगळं सांगितल्यावर मुलाने निकाल दिला. “बाबा, आज दिवा विझला तर ठेवा. नाही विझला, तर सोमवारी भंगारवाला.”

हे स्वयंपाकघरात बायकोने ऐकलं. मोठ्या रस्त्यावर, तासाभराच्या वाटेवर, तिची ताई राहायची. ताई सहा महिने अंथरुणाला खिळलेली. हिचे गुडघे बसची पायरी चढू देत नव्हते, आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं: “एवढ्या लांब? गाडीला झेपायचं नाही.” आता ती बाहेर आली ती पिशवी घेऊनच.

“नाहीतरी पळवायचीच आहे ना? मग ताईच्या दिशेने पळवा.”

अण्णांना नाही म्हणता येईना.

मोठ्या रस्त्यावर काटा साठवर गेला, सत्तरवर गेला. अण्णांचे हात घट्ट. बायकोने काच खाली केली.

“ड्रायव्हरशी लग्न लावून दिलं म्हणून मैत्रिणी जळायच्या माझ्यावर,” ती म्हणाली. “म्हणायच्या, फिरशील आता.”

“बोलू नकोस. लक्ष जातं.”

“चाळीस वर्षं नाही बोलले. आज वाऱ्याशी बोलते, तुमच्याशी नाही.”

तिने ताईला फोन लावला. “निघालोय गं! हो, खरंच. उशीला टेकून बस, मी आलेच.” फोन ठेवून ती स्वतःशीच हसली. तसं हसताना तिला अण्णांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला वास आला. तापलेल्या लोखंडाचा, करपट. अण्णांच्या मानेवर घाम आला.

“येऊ द्या,” बायको म्हणाली. “मिस्त्री म्हणाला ना, येणारच.”

“पेट घेईल.”

“नाही घेत. पाय काढू नका. अहो, दहा-पंधरा मिनिटं राहिली फक्त!”

“तुला काय कळतं गाडीतलं?”

“मिस्त्रीचं सांगणं मला कळलं. तुम्हाला नाही कळलं?”

वास वाढला. अण्णांना सगळं कळत होतं. तरी डावा हात गिअरवर गेला, गाडी कडेला आली, उजव्या हाताने चावी फिरवली. एकतीस वर्षांचा हात, त्याला विचारावं लागलंच नाही.

ट्रक शेजारून धडधडत गेले.

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा चावी फिरवली. पिवळ्याच्या जागी लाल दिवा लागला. गाडी सुरू झाली, पण अॅक्सिलरेटर दाबला तरी वीसच्या पुढे हलेना, आणि मग तेही नाही.

गाडी ओढून नेणारा दीड तासाने आला. साखळी लावता लावता त्याने विचारलं, “कुठे न्यायची?”

“पुढे,” बायको म्हणाली. “अर्ध्या तासावर माझी बहीण राहते.”

“आजी, मी गॅरेजला जातो नाहीतर भंगारात. पाहुण्यांकडे जात नाही.”

अण्णा मुलाला फोनवर सांगत होते, “गाडीतच दम नव्हता रे. मी काय करणार? वय झालं तिचं.”

बायकोने ते पुरतं ऐकलं. मग त्यांच्याकडे पाठ करून, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून तिने पुन्हा नंबर फिरवला.

“ताई? आडवी हो तू. नाही येत मी... नाही गं, गाडी चांगली पळत होती. यांनी बंद केली.”