गोदामातली पूजा
सरकीचा वास आला की पूर्णा गावातलं ते गोदाम आठवतं. निजामाच्या राज्यात बंदी असलेला सत्याग्रहाचा माहितीपट दादानं आणला होता आणि भरदुपारी खिडक्यांना गोणपाट लावून आम्ही घरची मंडळी तो पाहत होतो. पडद्यावरच्या बायका लाठ्या खात पुढे चालल्या होत्या. आपणही असंच व्हावं, असं मला वाटलं, तोच दार वाजलं. पोलीस! दादानं सिनेमाचं यंत्र झाकलं आणि गळ्यातलं इष्टलिंग, आम्हा लिंगायतांचं रोजच्या पूजेचं, डाव्या तळहातावर घेतलं, आम्हीही घेतलं, मग दार उघडलं. "पूजा चालू हाय, जमादारसाब." "अंधेरे में?" "ध्यानाला लागतोय की." मी इष्टलिंगावरून नजर वर उचलली नाही. जमादार बराच वेळ पाहत राहिला, मग गेला. दादा कानाशी म्हणाला, "भ्यालीस व्हय गं? मीबी लय भ्यालो. कुणाला सांगू नको." मागच्या महिन्यात दादा गेला. शोकसभेत सगळे त्याला निर्भय म्हणाले. मीही होकाराची मान डोलावली.