अहवालासाठी रवाना

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी बावीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेला कागद वहीत चढवायचा, क्रमांक टाकायचा आणि पुढं ढकलायचा. साहेब बदलत गेले, माझं टेबल काही हललं नाही.

एका उन्हाळ्यात एक कंत्राटी सिस्टर बंद पाकीट घेऊन आली. माहेर तामलवाडीचं, नोकरी आमच्या हाताखालच्या एका आरोग्य केंद्रात. केंद्रातला लसींचा फ्रिज तीन दिवस बंद होता. तरी त्याच लसी लेकरांना टोचल्या आणि तक्त्यावर तापमान मात्र बरोबर लिहायला लावलं, अशी तिची तक्रार होती. लिहायला लावणारे केंद्राचे डॉक्टर.

"काका, माझं नाव कुठं जायचं न्हाय ना? अकरा महिन्यांची ऑर्डर हाय माझी."

"सिस्टर, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्तच ठेवावं लागतं. नियम आहे तसा," मी ऐटीत सांगितलं. तसं परिपत्रक खरंच होतं. फलकावर मीच लावलं होतं.

पुढचं सांगताना अजून लाज वाटते, कारण त्यात कुणाचं कारस्थानही नव्हतं. आमच्या कार्यालयाची जुनी रीत अशी, की ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडंच ती अहवालासाठी पाठवायची. साहेबांनी कोपऱ्यात 'अहवाल मागवा' एवढंच लिहिलं. नाव झाकून प्रत काढायला मला दहा मिनिटं लागली असती. मी सवयीनं मूळ अर्जाची झेरॉक्स जोडली, खाली तिची ठसठशीत सही, आणि त्याच डॉक्टरांकडं रवाना केली. जावक वहीत तशी नोंदही केली, चांगल्या वळणदार अक्षरात.

अकरा महिने संपले आणि तिला नवी ऑर्डर मिळाली नाही. 'काम असमाधानकारक' असा शेरा होता.

ती पुन्हा आली तेव्हा मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. खायलाच हव्या होत्या. पण ती म्हणाली, "काका, आमच्या केंद्रातल्या मावशीनंच नाव फोडलं. तिच्याशी बोलायचंच सोडलंय म्या. वकील म्हणतेत, अर्ज कुणाकडं, कसा गेला त्याचा कागद आणा, मग भांडता येतंय. तुमच्या वहीत घावंल का?"

माझी निवृत्ती सात महिन्यांवर आली होती. मावशीचा काही दोष नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. मी भित्रा माणूस. तोंडात आलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं आणि म्हणालो, "माहितीच्या अधिकारात अर्ज टाका."

तिनं टाकला. तो माझ्याच टेबलावर आला आणि मुदतीच्या आत त्याला उत्तरही गेलं: 'सदर नोंद कार्यालयात आढळून येत नाही.' सही साहेबांची होती, मसुदा माझा. तो लिहिताना वही माझ्या कोपराखाली उघडी होती.

ती आता सोलापूरला एका खासगी दवाखान्यात असते. दिवाळीला मला न चुकता फोन करते, तब्येत विचारते. मावशीशी मात्र अजून बोलत नाही.